झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि मेमरी कार्ड भरून देणारा पोरगा

कायद्याचं नाव वाचा. सबंध वाचा, दम लागला तरी वाचा. महाराष्ट्र झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती, वाळू तस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणाऱ्या व्यक्ती यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्याबाबत अधिनियम, १९८१. पोलीस ठाण्यात एवढं कोण बोलतो? तिथं त्याला एमपीडीए म्हणतात. 'एमपीडीए लावीन' एवढं म्हटलं की वस्तीतल्या पोराची पाचावर धारण बसते.

आता या नावाकडे नीट बघा. हे कायद्याचं नाव नाही, हा आमचा पत्ता आहे. झोपडपट्टी आमची. हातभट्टी आमच्या गल्लीच्या मागं. 'धोकादायक व्यक्ती' म्हणजे कोण, ते पोलिसाच्या डोळ्यांत आधीच लिहिलेलं असतं, त्याला शब्दकोश लागत नाही. १९८१ साली पंगतीत तिघे बसले होते : दादा, भट्टीवाला, नशेचा माल विकणारा. १९९६ साली धोकादायक व्यक्ती आली. २००९ साली आणखी एक पान मांडलं गेलं, व्हिडिओ पायरेटचं. म्हणजे सिनेमाची चोरटी सीडी विकणारा. यादी तिथंही थांबली नाही, वाढतच आली.

पण त्या यादीत कोण नाही तेही बघा. बँक बुडवून विमानात बसणारा नाही. गिरणीची जमीन गिळून टॉवर उठवणारा नाही. माणसाला गटारात उतरवून गुदमरवणारा ठेकेदार नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून रस्त्यावर आलेल्या आमच्या माणसांवर गोळ्या घातल्या, १० माणसं मेली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं ठेचून मारली. त्यानंतर तीन वर्षांनी महाराष्ट्राच्या विधिमंडळाला राज्याच्या सुव्यवस्थेची काळजी लागली, आणि सुव्यवस्था बिघडवणारा कोण सापडला? दहा रुपयांच्या कोऱ्या तबकडीवर सिनेमा उतरवणारा!

साधा गुन्हा असला तर पोलिसाला काहीतरी सांगावं लागतं. काय केलं, कधी केलं, कुणी बघितलं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. वकील मिळतो, जामीन मागता येतो. एमपीडीएत ह्यातलं काही नाही. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी एका कागदावर सही करतो आणि माणूस बारा महिन्यांपर्यंत आत जाऊ शकतो. आरोपपत्र नाही, खटला नाही. आत टाकल्यावर पाच दिवसांत कारणं कळवायची, एवढी त्यांची मेहेरबानी. मग सल्लागार मंडळ बसतं. त्या मंडळापुढे वकील उभा करायचा हक्क तुम्हाला नाही. तुम्ही दहावी पास, समोर न्यायमूर्ती, करा तुमचा युक्तिवाद! आणि गुन्हा केलाच पाहिजे असंही नाही. करायच्या तयारीत असला तरी कायद्याला पुरतं. तयारी म्हणजे काय? संगणक आहे, कार्ड रीडर आहे, खिशात चार कार्डं आहेत. झाली तयारी.

कोणी शहाणा उठून म्हणेल, बाबा रे, घटनेतच प्रतिबंधक स्थानबद्धता आहे, आणि घटना कुणी लिहिली? मला माहीत आहे. कलम २२. पण त्या शहाण्यानं घटना समितीची चर्चाही वाचावी. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी ते कलम मांडलं ते सरकारला दोरी सैल सोडायला नाही, बांधायला. ज्यांना 'कायद्याची योग्य प्रक्रिया' हे शब्द घटनेत नको होते त्यांच्या बहुमतापुढं निदान एवढं तरी वाचवावं म्हणून. सल्लागार मंडळ, मुदत, कारणं कळवणं, हे जे काही तोकडं संरक्षण उरलं आहे ते त्यातून आलं. ते कलम देशाची सुरक्षा, परकीयांशी संगनमत असल्या गोष्टींच्या नावानं पास झालं होतं. त्या तोफेनं आता सिनेमाच्या सीड्या मारतात.

आमच्या रत्नागिरीला खटल्याशिवाय कैद काय असते ते सांगायला नको. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथं आणून ठेवला. कोर्ट नाही, आरोप नाही, मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, तीस वर्षं. पण राजा होता. त्याला साहेबानं टेकडीवर राजवाडा बांधून दिला, समुद्र दिसेल असा. आज शाळेच्या सहली तिथं येतात. आमच्या पोराला येरवड्याची बराक मिळते आणि तिथं सहल येत नाही.

हा पोरगा कोण ते सांगतो. कारण कायदा करणाऱ्यानं त्याला बघितलेलं नाही, आणि कायद्याला विरोध करणाऱ्यानंही.

मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटी लागतात. बोटीवरचे खलाशी पुष्कळसे नेपाळी. बोट आठ आठ, दहा दहा दिवस बाहेर राहते. किनारा सुटला की मोबाइलचं नेटवर्क सुटतं. मग त्या माणसांनी रात्री काय करायचं? जाळं टाकल्यावर ओढेपर्यंत वेळ असतो, झोप येत नाही, डिझेलचा वास डोक्यात गेलेला असतो. म्हणून बोट सुटायच्या आधी खलाशी मोबाइलच्या टपरीवर येतो. मेमरी कार्ड देतो, पन्नास रुपये देतो, टपरीवरचा पोरगा कार्ड भरून देतो. चार नेपाळी सिनेमे, दोन हिंदी, गाणी. धंदा म्हणजे एवढा. आमच्या जेट्टीवरही हेच. कोळशाची बार्ज उशिरा लागणार असली की आम्ही शेडखाली बसून एकाच मोबाइलवर पाच जण सिनेमा बघतो. मुकादम येऊन बसतो तो सहावा.

हा खलाशी थिएटरचं तिकीट बुडवतो का? बोटीवर थिएटर कुठलं? कंपनीचा ओटीटी बुडवतो का? समुद्रात नेट कुठलं? जो माल त्याला विकायला तुम्ही कधीच येणार नाही, तो त्यानं दुसऱ्याकडून घेतला तर तुमचा कोटीचा तोटा होतो म्हणता. हे गणित मला शाळेत कुणी शिकवलं नाही.

टपरीवरच्या पोराला मी विचारलं, तुला ठाऊक आहे का ह्याच्यासाठी बारा महिने आत घालता येतं? तो हसला. म्हणाला, "हवालदार येतो, तोच कार्ड भरून नेतो. पैशे पण देत नाय." मग जरा थांबून म्हणाला, "एकदा दम दिलंन होतं मात्र." एवढाच हा कायदा. तो रोज वापरायचा नसतो. तो खिशात ठेवायचा असतो, हप्ता वाढवायला, पोराला मोर्च्यात जाण्यापासून अडवायला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे तुरुंगांचे अहवाल उघडा. २०११ च्या जनगणनेत आम्ही शंभरात साडेसोळा. कच्च्या कैद्यांत आम्ही पाचात एक. ज्या कायद्याला पुरावा लागत नाही तो कायदा कुठं उतरतो ते ह्या आकड्यांवरून कळतं.

दिल्लीनं २०२३ साली ह्यावर कळस चढवला. सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती. चोरून सिनेमा टिपला किंवा दाखवला तर कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. दंड कमीत कमी तीन लाख. वरची मर्यादा किती? सिनेमाला जेवढा खर्च आला त्याच्या पाच टक्के. मला दिवसाला सहाशे मिळतात, काम लागलं तर. म्हणजे कमीत कमी दंड माझे पाचशे दिवस. शंभर कोटींचा सिनेमा असला तर पाच कोटी, म्हणजे एकही रविवार न घेता दोनशे अठ्ठावीस वर्षं ओझी वाहायची. गुन्ह्याची शिक्षा गुन्ह्यावर ठरत नाही, नटानं मानधन किती घेतलं ह्यावर ठरते! मोठा हीरो असलेला सिनेमा कार्डात भरला तर मोठा गुन्हेगार, फालतू सिनेमा भरला तर फालतू गुन्हेगार. मनूच्या कायद्यात तरी ह्याहून वेगळं काय होतं? बामणाला शिवी दिली तर एक दंड, शूद्राला दिली तर दुसरा.

ह्याच दुरुस्तीचा मसुदा २०२१ च्या जूनमध्ये लोकांपुढं ठेवला होता. त्यात एक कलम असं होतं की सेन्सॉरनं पास केलेला सिनेमा केंद्र सरकारला परत तपासायला पाठवता येईल. लगेच सिनेमावाले खडबडून उठले. पत्रं गेली, सह्या झाल्या, मोठी मोठी नावं. चांगलं केलं, मी त्यांच्या बाजूचा आहे. आणि सरकार नमलं, २०२३ च्या कायद्यात ते कलम आलं नाही. पण त्याच मसुद्यात शेजारीच पायरसीचं कलम होतं. त्याबद्दल कुणाच्या गळ्यातून आवाज फुटला नाही. दिग्दर्शकाच्या मानेवरची सुरी निघाली आणि टपरीवाल्याच्या मानेवरची राहिली. तिला त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याआधी ९ जून २०१२ ला मुंबईत आझाद मैदानावर पोरं मुखवटे घालून जमली होती. मद्रास हायकोर्टानं एका सिनेमासाठी आदेश दिला, त्याचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी सबंधच्या सबंध साइट्स बंद केल्या, म्हणून निदर्शन. त्याच वर्षी १८ जानेवारीला अमेरिकेत असल्याच विधेयकाविरुद्ध विकिपीडियानं एक दिवस इंग्रजी पानं काळी केली होती, आणि ते विधेयक तिथं बारगळलं. मी तेव्हा शाळेत होतो, हे सगळं नंतर वाचलं. वाचून बरं वाटलं. माणसं असल्या गोष्टीसाठी रस्त्यावर येतात म्हणजे काहीतरी जिवंत आहे. पण मित्रांनो, त्या पोरांची साइट बंद झाली होती. आमचा माणूस बंद होतो. त्या मैदानापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर फुटपाथवर सीड्या विकणाऱ्यांना एमपीडीएत येऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्यासाठी कुणी मुखवटा घातल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यांना मुखवट्याची चैन नसते. हवालदाराला त्यांचा चेहरा, नाव, आडनाव सगळं पाठ असतं.

सिनेमा सोडा. सिनेमा म्हणजे करमणूक, तिच्यावाचून माणूस मरत नाही. मला जास्त आग लागते ती पुस्तकाची.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. तेव्हाचा हिशेब असा होता की लेखक मेल्यावर पन्नास वर्षांनी त्याचं लिखाण सगळ्यांचं होतं, कुणीही छापावं. म्हणजे २००६ संपलं की 'जातिसंहार' सगळ्यांचा. कुणीही गल्लीतला छापखाना चालवणारा छापेल, पाच रुपयाला विकेल. पण मध्येच काय झालं? रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले होते. त्यांची पन्नास वर्षं १९९१ ला भरली. विश्वभारतीचा हक्क जाणार म्हणून दिल्लीत धावाधाव झाली, आणि पन्नासाची साठ वर्षं केली. १९९२ चा दुरुस्ती कायदा. एका महाकवीच्या संस्थेची रॉयल्टी वाचवायला सगळ्या देशाची पुस्तकं दहा वर्षं जास्त कुलपात गेली. त्यात आमचीही गेली. २००६ चं २०१६ झालं. १ जानेवारी २०१७ उजाडेपर्यंत बाबासाहेबांचं पुस्तक परवानगीशिवाय छापून वाटणारा त्यांचा अनुयायी कायद्यानं चोर होता. कलम ६३ : सहा महिने ते तीन वर्षं. माझं वारसांशी भांडण नाही, कुणाच्या घरात जाऊन मी हिशेब मागत नाही. भांडण त्या कायद्याशी आहे ज्यानं आम्हाला एका शब्दानं न विचारता आमची दहा वर्षं उचलून टागोरांच्या खात्यावर जमा केली. टागोरांनी ती मागितली नव्हती.

आणि हे संपलं असं समजू नका. कायद्यात आणखी एक खुंटी आहे, कलम २४. लेखकाच्या हयातीत जे छापलं गेलं नाही त्याची साठ वर्षं तो मेल्यापासून मोजत नाहीत, पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात. 'रिडल्स इन हिंदुइझम' बाबासाहेबांनी लिहून ठेवलं. ते पडून राहिलं. महाराष्ट्र सरकारनं चौथ्या खंडात छापलं १९८७ साली. छापल्याबरोबर राम-कृष्णाच्या प्रकरणावरून काय धुमाकूळ झाला, खंडाच्या प्रती कशा जाळल्या, आणि मग १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आमच्या लाखोंचा मोर्चा कसा निघाला, ते तुमच्या बापाला विचारा. त्यातला कोणीतरी चालला असेल. ज्या पुस्तकासाठी आमचे बाप रस्त्यावर आले ते पुस्तक कायद्याच्या हिशेबानं सगळ्यांचं कधी होणार? ३१ डिसेंबर २०४७ संपल्यावर. स्वातंत्र्याला शंभर वर्षं पुरी झाल्यावर! तोपर्यंत मी पन्नाशीच्या आसपास असेन, बरगड्या शिल्लक राहिल्या तर.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' घ्या. लहानसं पुस्तक, एका रात्रपाळीत संपतं. लहान भीमा भावंडांबरोबर बापाकडे गोरेगावला निघालेला आणि रात्रभर पाणी मिळत नाही. बडोद्यात पारशाच्या खानावळीतून हाकललेला. चाळीसगावात टांगेवाला गाडी हाकायला तयार नाही. दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाला हात लावला म्हणून मारायला आलेले. हे लिहिलं १९३५-३६ च्या सुमाराला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका काढली १९९० साली. साठ मिळवा. २०५० अखेर. जे पाणी त्या पोराला मिळालं नाही त्याची गोष्टसुद्धा तेवढी वर्षं पहाऱ्यात.

मालकाचा हक्क राखायचा तर मालकानं निदान माल बाजारात आणावा ना! सरकारनं काय केलं? १९७९ पासून खंड काढायला घेतले, चांगलं झालं, त्यासाठी वसंत मून जन्मभर राबले. पण पुढं? २०१७ साली नऊ लाख प्रती छापायचं ठरलं. पाच कोटी पंचेचाळीस लाखांचा कागद घेतला. २०२१ च्या नोव्हेंबरात 'लोकसत्ता'नं बातमी दिली की चार वर्षांत छापल्या ३३ हजार, बाकी कागद पडून. मुंबई हायकोर्टानं डिसेंबरात स्वतःहून दखल घेतली. आता बघा, नऊ लाखांतल्या ३३ हजार! आमच्या जेट्टीवर मी शंभर गोण्यांतल्या चारसुद्धा पुऱ्या न उतरवता घरी गेलो तर मुकादम मला काय म्हणेल? सरकारला कोणी मुकादम नाही. सरकार कागदावर बसून राहिलं, आणि ज्या पोरांनी जुन्या खंडाची पानं फोटो काढून पीडीएफ केली, व्हॉट्सअॅपवर फिरवली, त्यांनी सरकारचं काम केलं. 'शूद्र पूर्वी कोण होते' हे पुस्तक मी असंच वाचलं. पाच इंची पडद्यावर, बोटानं मोठं करून, बार्जची वाट बघत. बुद्धीला जे लागायचं ते लागलं. पडद्याच्या आकारानं फरक पडला नाही.

कानात शिसं ओतायची गोष्ट गौतम धर्मसूत्रात आहे. ऐकलं तर शिसं, म्हटलं तर जीभ, पाठ केलं तर शरीर. ते वाचताना मला नेहमी वाटतं की ह्या माणसांना कॉपीचं किती भय होतं! ऐकणं म्हणजे कानात उतरलेली प्रत. पाठ करणं म्हणजे डोक्यात साठवलेली प्रत. ज्ञान वाटल्यानं कमी होत नाही, वाटल्यानं फक्त मालकी कमी होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकलव्यानं द्रोणाचं काय नेलं होतं? द्रोणाची विद्या द्रोणाकडे होतीच. लांबून बघून प्रत काढली, एवढाच त्याचा गुन्हा. दंड : अंगठा. तोही आधीच ठरलेला, खटला न चालवता.

पण ह्या लढाईत जिंकताही येतं. दिल्ली विद्यापीठात रामेश्वरी म्हणून झेरॉक्सचं दुकान आहे. विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची प्रकरणं झेरॉक्स काढून बांधून द्यायचे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस ह्या परदेशी प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. समोर एक झेरॉक्सवाला! पण पोरं गप्प बसली नाहीत. विद्यार्थी संघटना करून दाव्यात उतरले, मास्तर उतरले, ज्यांची पुस्तकं होती त्यातले लेखकसुद्धा म्हणाले आमच्या नावानं हे करू नका. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली हायकोर्टानं प्रकाशकांचा दावा फेटाळला, आणि सांगितलं की कॉपीराइट हा काही देवानं दिलेला किंवा निसर्गानं दिलेला हक्क नव्हे. डिसेंबरात खंडपीठानंही शिकवण्यासाठी प्रत काढायचा हक्क मानला. २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशक दावा सोडून निघून गेले. आमच्यातल्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या पोराला ह्या निकालाची किंमत विचारा. शिष्यवृत्ती मार्चमध्ये येते, परीक्षा नोव्हेंबरात असते. मधले महिने झेरॉक्सवर निघतात.

आता आमच्यातलेच काही जण विचारतात, आणि त्यांचं मी ऐकून घेतो, की मग नागराज मंजुळेचं काय? २०१६ साली 'सैराट' आला, पहिल्यांदा आपल्यातला एक माणूस कॅमेऱ्यामागं उभा राहून सगळ्या महाराष्ट्राला थिएटरात घेऊन गेला, आणि त्याचीही चोरटी प्रत गावोगाव फिरली. ते बरं झालं का? नाही झालं. ज्यानं पडदा पडायच्या आत ती प्रत बाहेर काढली त्यानं दगा दिला. पण दगा कुठून होतो तेही बघा. त्याच वर्षी 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या आधीच फुटला, आणि त्या प्रतीवर सेन्सॉरसाठी असल्याचा शिक्का होता. सेन्सॉरच्या वाटेवर टपरी नाही. तिथं गळती झाली ती एसीत बसणाऱ्यांच्या हातातून. एमपीडीएच्या नावात 'स्टुडिओ दादा' किंवा 'लॅबवाले' असा शब्द मला दिसत नाही.

आणि कलाकाराच्या पोटाचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७ चा. अण्णा भाऊ साठे १९६९ ला वारले. 'फकिरा' गाजली होती, कथा-कादंबऱ्यांवर सिनेमे झाले होते, रशियापर्यंत नाव गेलं होतं. कायदा पुस्तकात बारा वर्षं होता आणि अण्णा भाऊ गोरेगावच्या झोपडीत हलाखीत मेले. त्यांना कुठल्या सीडीवाल्यानं लुटलं? त्यांच्या लिखाणावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालेल. माणूस जगवता आला नाही ह्या कायद्याला, हक्क मात्र साठ वर्षं जगवतो. आमच्या कोकणात जाखडी गाणारे, नमन नाचणारे शाहीर आहेत. कॅसेटच्या काळात त्यांनी मुंबईला जाऊन गाणी भरली. एकरकमी पैसे, पाठीवर थाप, एसटीचं भाडं. पुढं ती गाणी कितीदा विकली त्याचा हिशेब कुणी दाखवला नाही. भीमगीतं लिहिणाऱ्यांचं तेच. आणि लोकांच्या गळ्यातली चाल उचलून सिनेमात घातली की तिच्यापुढं 'पारंपरिक' लिहितात. पारंपरिक म्हणजे काय? म्हणजे जिला मालक होता पण तो महार, मांग, कोळी, कोल्हाटी होता.

२०१२ साली राज्यसभेत जावेद अख्तर बोलले आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येणार नाही अशी दुरुस्ती झाली. ते मी मानतो. कायदा हवाच, तो असा हवा. लिहिणाऱ्याला गिऱ्हाइकापासून वाचवायच्या आधी कंपनीपासून वाचवा.

एक गोष्ट आपसातली, ती स्पष्ट बोलतो. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला, दीक्षाभूमीवर दसऱ्याला आपले छोटे प्रकाशक पथारी टाकून बसतात. घरदार गहाण टाकून पाचशे प्रती काढतात. त्यांचं ताजं पुस्तक फोटो मारून ग्रुपवर टाकणारा जो आहे त्याला मी क्रांतिकारक म्हणणार नाही. शंभर रुपये काढ, विकत घे. नसतील तर चौघांनी मिळून घ्या. बंद पडलेलं, कुलपात घातलेलं, सरकारनं न छापलेलं मोकळं करणं वेगळं, आणि आपल्याच माणसाच्या पथारीवरून उचलणं वेगळं. ज्याला हा फरक कळत नाही त्यानं फुकटचं मोबाइल नेट आणि चळवळ ह्यांत गल्लत केली आहे.

तर आमचं म्हणणं काय? एमपीडीएतून व्हिडिओ पायरेट हा शब्द काढा. सिनेमाच्या धंद्यात कुणी मोठी चोरी केली तर त्याला कोर्टात उभा करा, पुरावा द्या, वकील घेऊ द्या. सिनेमाच्या मालकाचा तोटा म्हणजे राज्याची सुव्यवस्था नव्हे. दंड माणसाच्या कमाईवर ठरवा, नटाच्या नव्हे. आणि बाबासाहेबांचं सगळं लिखाण, मेल्यानंतर छापलेलं धरून, हक्कदारांना जे द्यायचं ते एकदा देऊन, सरकारनं लोकांचं म्हणून जाहीर करावं. मराठीतून, मोबाइलवर वाचता येईल अशा अक्षरात. २०४७ ची वाट बघायला आम्ही टागोर नाही आणि थिबाही नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचं मूळ गाव. तिथल्या एखाद्या पोरानं आज 'रिडल्स' झेरॉक्स करून गावात वाटलं तर त्याचं काय करणार, हे जिल्हाधिकारी साहेबांनी आम्हाला लेखी कळवावं. तसा अर्ज आम्ही देणार आहोत. सह्या चालू आहेत. मिरकरवाड्याच्या टपरीवर कागद ठेवला आहे, खलाशीही सह्या करतात, काही नेपाळीत.

पुढच्या अंकापासून 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चं मराठी भाषांतर क्रमशः छापतो आहोत. भाषांतर आमचं, रात्रपाळीत केलेलं. परवानगी घेतलेली नाही. अंकाची किंमत वीस रुपये. झेरॉक्स काढायला हरकत नाही.